एडिटरच्या खालच्या पट्टीत काय दाखवायचं आणि काय नाही?

गिरगावकरीण

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण ऑफिसात त्यावरून रोज जुंपतेय.

आमचं गिरगावात भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं छोटं ऑफिस आहे. मजकूर बहुतेक साध्या टेक्स्ट फायलींतच असतो, मांडणी पुढे दुसरं कोणीतरी करतं. सध्या मी आमच्यापुरता एक एडिटर बांधतेय, सिंटिलावर (नोटपॅड प्लस प्लसच्या पोटात जो घटक आहे तोच). शोधा-बदला झालं, शुद्धलेखन तपासणी झाली, आता घोडं अडलंय खालच्या स्टेटस बारवर.

ज्याला त्याला तिथे आपापलं काहीतरी हवंय. आजच्या घडीला डावीकडून उजवीकडे असं आहे: ओळ, स्तंभ, एकूण शब्द, निवडलेली अक्षरं, एनकोडिंग (अक्षरं फायलीत कुठल्या पद्धतीने साठवली ते), ओळीचा शेवट कसा ते (विंडोज आणि लिनक्सची खूण वेगळी असते), इन्सर्ट/ओव्हरराइट (नवं अक्षर मधे घुसतं की पुढचं पुसतं ते), कॅप्स लॉक, नम लॉक, कळफलकाची भाषा, फॉन्ट, झूम, शेवटचं सेव्ह कधी, आणि घड्याळ. जुन्या १३६६ पिक्सेलच्या मॉनिटरवर शेवटचे दोन-तीन कापलेच जातात. घड्याळ कोणी मागितलं ते सांगत नाही, पण त्यांना चर्नी रोडहून ठरलेली विरार गाठायची असते.

‘सगळंच दाखव, ज्याला हवं तो बघेल’ हा एक पक्ष. ‘पट्टीच काढून टाक’ हा दुसरा. मला यादी नकोय, निकष हवाय. एखादी खूण ठेवायची की नाही हे कशावरून ठरवायचं?

टर्मिनलकाका

मला दुसऱ्या पक्षात धरा.

बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला तीसेक अक्षरं. ८० अक्षरांची एक स्टेटस ओळ नव्याने रंगवायची तर अडीच सेकंदांच्या वर गेले. त्यामुळे मूळ व्हीआय तुम्ही कुठल्या मोडमध्ये (आज्ञा द्यायच्या की लिहायच्या) आहात हेसुद्धा आपणहून सांगत नाही, ‘शोमोड’ मागून घ्यावा लागतो. पुढे त्याचा वारस व्हिम आला, मोडेम गेला, तरी खिडकी एकच असेल तर फायलीच्या नावाची स्टेटस ओळ तिथेही येत नाही. दोन खिडक्या उघडल्या की येते, कारण कुठली खिडकी कुठल्या फायलीची हा प्रश्न तेव्हाच पडतो. कोणी वेगळं सेटिंग केलं असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न पडायच्या आधी उत्तर दाखवायचं नाही. एवढा निकष मला पुरतो.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. व्हिम विरुद्ध ईमॅक्स (तोही तसाच जुना एडिटर) हे भांडण कधी सुरू होणार?

टर्मिनलकाका

ईमॅक्सवाल्यांची मोड लाइन, म्हणजे त्यांची खालची पट्टी, वाचायला आधी क्लास लावावा लागतो. ते येईपर्यंत वेळ आहे. (हलके घ्या.)

पंधरा डबा

दादरला जिना उतरताना आपण इंडिकेटरवर काय बघतो? गाडी कुठली, स्लो की फास्ट, बारा डबा की पंधरा, किती मिनिटांत. संपलं. गाडीचा वेग नाही, मोटरमनचं नाव नाही, आत किती पंखे चालू आहेत ते नाही. जे दिसतं त्यातल्या प्रत्येक गोष्टीवरून पाय कुठे वळणार ते बदलतं. पंधरा डबा असेल तर पुढे चालत जा, स्लो असेल तर प्लॅटफॉर्म बदला.

तीच चाळणी लावा. पट्टीतली माहिती वाचून पुढची कळ बदलणार असेल तर ठेवा. फॉन्टचं नाव वाचून कोण काय वेगळं करतो?

गिरगावकरीण

@पंधरा डबा, पटलं. फॉन्ट आणि नम लॉक आत्ताच उडवले. घड्याळाला तुमच्या चाळणीत जागा आहे असं ते मागणाऱ्यांचं म्हणणं पडेल, पण ते विंडोजच्या कोपऱ्यात आहेच.

स्तंभाचं काय करू?

अनुस्वार

स्तंभ हे मराठीत मोठंच झेंगट आहे. ‘मुंबई’ हा एक शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात: मुं, ब, ई. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) हिशेबात पाच, कारण म, उकार, अनुस्वार, ब आणि ई वेगवेगळे मोजायचे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हं फायलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १५.

आता नोटपॅड प्लस प्लसमध्ये नवीन यूटीएफ-८ फाइल उघडून फक्त ‘मुंबई’ लिहा. खाली ‘लेंग्थ’पुढे १५ दिसेल, कारण तो बाइट मोजतो. व्हिममध्ये शेवटच्या ई वर कर्सर ठेवा, कोपऱ्यात १३-३ असं जोड उत्तर येतं: तेरावा बाइट, पण पडद्यावरचा तिसरा रकाना. व्हिमने निदान दोन्ही सांगितले. बाकीचे एकच आकडा फेकतात आणि तो कशाचा हे सांगत नाहीत.

मुद्रितशोधकाला यातला कुठलाच आकडा कामाचा नाही. आम्ही फोनवर ‘तिसरा परिच्छेद, वरून दुसरी ओळ, “तथापि”च्या आधी’ असं बोलतो. ‘स्तंभ ४७’ असं आजवर कोणी कोणाला सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

ठाणे लोकल हॉस्ट

अहो, पण आम्हा कोडवाल्यांचं काय? कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) ‘ओळ २१२, स्तंभ १८’ असं ओरडतो तेव्हा स्तंभ लागतोच.

आणि गंमत बघा, तिथेही एकवाक्यता नाही. एडिटर आणि भाषेचा सर्व्हर यांच्यातला एलएसपी नावाचा प्रोटोकॉल मुळात यूटीएफ-१६ (युनिकोड साठवायची दुसरी पद्धत) ची एककं मोजायचा. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून दोघांनी आधी बोलून मापन ठरवायची सोय झाली. स्ट्रिंगमध्ये एखादा इमोजी आला की एकाचा स्तंभ दुसऱ्यापेक्षा पुढे. देवनागरीत तेवढं होत नाही, यूटीएफ-१६ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह एकाच एककात बसतं. पण बाइट मोजणाऱ्याशी तुलना केलीत तर तिप्पट फरक.

गिरगावकरीण

आमच्याकडे कोड कोणी लिहीत नाही. स्तंभ गेला. ओळ राहील, कारण फोनवर निदान ती तरी सांगता येते.

ईमॅक्सभक्त

आलो. काकांनी आठवण काढलीच आहे तर क्लास घेऊनच टाकतो, फी नाही.

ईमॅक्सच्या मोड लाइनच्या डाव्या टोकाला यू, मग अपूर्णविराम, मग दोन तारे असं काहीसं दिसतं. यू म्हणजे यूटीएफ-८. लिनक्सवर अपूर्णविराम म्हणजे ओळीचा शेवट तिथल्या रिवाजाप्रमाणेच आहे. दोन तारे म्हणजे बदल केलेत, सेव्ह केलेले नाहीत. ताऱ्यांच्या जागी दोन टक्क्यांची चिन्हं दिसली तर फाइल फक्त वाचायची.

खरी गोम अपूर्णविरामात आहे. लिनक्सवर बसून विंडोजची फाइल उघडलीत की त्या एका टिंबजोडीच्या जागी कंसात अख्खा ‘डॉस’ शब्द येतो. उलट विंडोजवर बसून लिनक्सची फाइल उघडली की ‘युनिक्स’ असं ठसठशीत येतं. नेहमीच्या अवस्थेला एक ठिपका, वेगळ्या अवस्थेला पूर्ण शब्द, आणि वेगळं काय हे तुम्ही कुठे बसलाय त्यावर ठरतं. गिरगावकरीणबाईंनी एनकोडिंगला हीच रीत लावावी. सगळ्या फायली यूटीएफ-८ असताना तिथे दिवसभर ‘यूटीएफ-८’ लिहून कोणाचं भलं होतंय?

दुसरी बाजूही सांगतो. उजवीकडे वरून बसवलेलं प्रत्येक पॅकेज आपल्या नावाची तीन-चार अक्षरं चिकटवतं आणि ओळ भरून वाहायला लागते. ती लपवायला लोकांनी पुन्हा वेगळी पॅकेजं लिहिली.

टर्मिनलकाका

वेगळं असेल तेव्हाच दाखवायचं, हे ऐकायला छान आहे. पण जागा रिकामी दिसली तर सगळं ठीक आहे की खूणच बंद पडली आहे, हे कळायचं कसं? शिवाय मधेच एखादी खूण उगवली की बाकीच्या सरकतात. मग ओळ क्रमांक रोज नव्या जागी शोधा.

पाऊणशहाणी

काका, जागा राखून ठेवायची, सरकू द्यायची नाही. ईमॅक्समध्येही ती जागा रिकामी होत नाही, अपूर्णविराम उभा असतो. तुमचं उत्तर त्या टिंबांतच आहे.

मी इंटरफेस डिझाइन करते, म्हणून एक नावडता मुद्दा मांडते. तुम्ही सगळे काय दाखवायचं यावर भांडताय. नजर कुठे असते ते बघा. ती असते कर्सरवर. संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लरने झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात असल्यापासून आयुष्यभर मोडच्या विरोधात प्रचार केला, त्याच्या गाडीची नंबर प्लेटसुद्धा ‘नो मोड्स’ होती. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रॅस्किनचं म्हणणं असं की मोडची खूण पडद्यावर असली तरी चूक थांबत नाही, कारण त्या क्षणी माणसाचं लक्ष खुणेवर नसतंच, ते लिहिण्यावर असतं.

तुमच्याकडचं उदाहरण घ्या. मराठीत लिहिताय, मधे एक इंग्रजी नाव आलं, कळफलक बदलला, नाव लिहिलं आणि परत बदलायचं राहिलं. मग अर्धं वाक्य रोमन अक्षरांचा काला. खाली पट्टीत ‘इंग्रजी’ असं व्यवस्थित लिहिलेलं होतं की! कोणी बघितलं?

गिरगावकरीण

हे आमच्याकडे दिवसातून कितीदा होतं ते विचारू नका. शिवाय एक जण इनस्क्रिप्टवाला (देवनागरीचा प्रमाण कळफलक), दोघी लिप्यंतरवाल्या (रोमनमध्ये टाइप करून देवनागरी मिळवणाऱ्या), आणि एकाच यंत्रावर पाळीपाळीने बसतात.

मग भाषेची खूण कर्सरलाच चिकटवायची का?

पाऊणशहाणी

हो. ॲपलने २०२३ मध्ये मॅकओएस सोनोमात तेच केलं: भाषा बदलली किंवा कॅप्स लॉक लागला की कर्सरपाशीच छोटी चिठ्ठी उमटते. व्हिमवालेही इन्सर्ट मोडमध्ये कर्सर ठोकळ्याऐवजी उभी रेघ करून घेतात, काकांनी केलंच असेल.

टर्मिनलकाका

केलंय. कबूल.

अनुस्वार

चिठ्ठीला माझा एक आक्षेप. कर्सरच्या खाली उमटली तर आपल्या लिपीत ती नेमकी उकार आणि ऋकारांवर येते. ‘कृपया’ लिहिताना ऋकार पडला की नाही तेच दिसत नाही. ओळींतलं अंतर कमी असेल तर खालच्या ओळीच्या वेलांट्याही झाकल्या जातात. वर ठेवाल तर रफार आणि मात्रा. त्यापेक्षा कर्सरचाच रंग किंवा जाडी बदला, चिठ्ठी फक्त बदलाच्या क्षणी येऊन जाऊ द्या.

पाऊणशहाणी

@अनुस्वार, हे मला सुचलं नसतं. +१. फक्त रंगावर भागवू नका, ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांच्यासाठी जाडी किंवा आकारही बदलायला हवा. व्हीएस कोड या कोड-एडिटरमध्ये डीबगिंग (चुका शोधणं) चालू झालं की पूर्ण पट्टीचा रंगच बदलतो. तिथे सोबत बटणांची वेगळी पट्टीही येते, म्हणून चालून जातं.

चहाबाज

ओव्हरराइट मोड ठेवणार आहात का? आजवर तो मुद्दाम कोणी चालू केलेला मी पाहिला नाही. डिलीटवर नेम धरताना बोट इन्सर्टवर पडतं आणि पुढचं वाक्य खाल्लं जातं.

अनुस्वार

देवनागरीत तर तो तोडमोडच करतो. सिंटिलात ओव्हरराइट एकेक युनिकोड चिन्ह खातो. ‘मुंबई’च्या आधी कर्सर ठेवून न दाबा, फक्त म जाईल, उकार आणि अनुस्वार तिथेच. हातात उरतं ‘नुंबई’. वर्डने २००७ च्या आवृत्तीपासून इन्सर्टची कळ मुळातच निकामी ठेवली, त्याची खूणही पट्टीतून डीफॉल्टने काढली. अवस्थाच नसेल तर खूण लागत नाही.

गिरगावकरीण

काढला. खूणही गेली, मोडही गेला. ऑफिसात पेढे वाटायला हवेत.

फोर्ट डीटीपी

एनकोडिंगबद्दल ईमॅक्सभक्तांशी सहमत, पण अर्धाच. आमच्याकडे अजून जुनी पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत येतात. त्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात. तो मजकूर कोणी कॉपी करून यूटीएफ-८ फायलीत चिकटवला की पट्टी छातीठोकपणे ‘यूटीएफ-८’ म्हणणार आणि पडद्यावर डॉलर, कंस, उद्गारचिन्हांची खिचडी. पट्टी खोटं बोलत नाही, पण ते ऐकून करायचं काय?

आम्हाला कळायला हवं ते हे, की या फायलीत खरी देवनागरी आहे का. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गठ्ठा १२८ घरांचा आहे, क्रमांक ०९०० ते ०९७एफ. त्यातलं एकही चिन्ह फायलीत सापडलं नाही तर तसं सांगा.

गिरगावकरीण

@फोर्ट डीटीपी, हे सोन्यासारखं सुचवलंत. दहा ओळींचं काम आहे, फाइल उघडतानाच करून टाकते.

अनुस्वार

त्याच वाटेवरचं अजून एक. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह (०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, २००डी. दिसायला दोन्ही सारखे. पण एक शोधलात की दुसरा सापडत नाही, आणि ‘सगळीकडे बदला’ केल्यावर निम्मे तसेच राहतात. ॲ चंही तेच, ०९७२ हे एकसंध चिन्ह किंवा अ वर वेगळा चंद्र.

कर्सरखालचं चिन्ह कुठलं हे बघायची सोय हवी. पण पट्टीत कायमची नको, मागितल्यावर दिसू दे. व्हिममध्ये जी आणि ए दाबलं की कळतं, ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह.

ठाणे लोकल हॉस्ट

व्हीएस कोडने २०२१ च्या नोव्हेंबर आवृत्तीपासून अदृश्य आणि फसवी चिन्हं मजकुरातच चौकट करून दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की न दिसणाऱ्या दिशा-चिन्हांनी कोड वाचणाऱ्याला एक दिसतो आणि कंपायलरला दुसराच. तुमच्या शोधा-बदलातच हे दोन ‘दुसऱ्या’ एक मानता आले तर खुणेचीही गरज नाही.

कानमंत्र

मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम), एनव्हीडीए वापरून काम करतो. तुमच्या चर्चेत ‘दिसणं’ फार आहे म्हणून लिहितोय.

स्टेटस बार मला दिसत नाही, मी तो मागून ऐकतो. एनव्हीडीएची कळ आणि एंड दाबलं की पूर्ण पट्टी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. तुमची मूळ पट्टी ऐकायला ‘दोनशे बारा, अठरा, चार हजार सहाशे, शून्य, यूटीएफ आठ...’ अशी होईल. कुठला आकडा कशाचा हे लेबलाशिवाय कळणार नाही. ‘ओळ २१२’ असं मजकुरात लिहा, नुसतं चित्र किंवा नुसता आकडा ठेवू नका. रंगीत ठिपका तर माझ्या लेखी नाहीच.

क्रमही महत्त्वाचा. सेव्ह झालंय का हे शेवटी असेल तर त्यासाठी मला दर वेळी सगळं पुराण ऐकावं लागतं. ते पहिलं ठेवा.

आणि ऑटोसेव्ह झाला की दर वेळी घोषणा करू नका, कृपा करा. अर्ध्या वाक्यात ‘सेव्ह झालं’ ऐकू आलं की पुढचं वाक्य डोक्यातून जातं. सेव्ह झालं नाही तर जरूर ओरडा.

पाऊणशहाणी

हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवायला हवा.

पंधरा डबा

सेव्हबद्दल एक विचारतो. आमची फाइल ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये असते आणि मी ट्रेनमध्ये लॅपटॉपवर उघडतो. कुर्ला-सायनच्या मधे नेटवर्क जातं. ‘सेव्ह झालं’ म्हणजे माझ्या डिस्कवर की सर्व्हरवर?

गिरगावकरीण

आमच्याही फायली सामायिक फोल्डरमध्येच. खरी धास्ती त्याच्या पुढची आहे: दोघांनी एकच फाइल उघडली, आधी तिने सेव्ह केली, मग मी. तिचं काम गेलं.

ईमॅक्सभक्त

ईमॅक्स अशा वेळी पहिली कळ दाबतानाच अडवतो, ‘डिस्कवर फाइल बदलली आहे, खरंच बदल करायचे?’ म्हणून.

टर्मिनलकाका

व्हिमही इशारा देतो. इथे मी ईमॅक्सच्या बाजूने मत देतोय, नोंद घ्यावी. आपण काही न करता जी अवस्था बदलते ती पट्टीत कोपऱ्यात ठेवायचीच नाही. ती मजकुराच्या वर आडवी यायला हवी.

चहाबाज

काका ईमॅक्सच्या बाजूने! स्क्रीनशॉट घेतलाय.

दोन पैसे शब्द

भाषांतरकार म्हणून एकच मागणी: शब्दसंख्या काढू नका, बिल त्यावर निघतं. पण सतत पळणारा आकडा नको. लिहिताना डोळा तिकडे जातो आणि वाक्यं लांबायला लागतात, हे मी शपथेवर सांगेन. निवडलेल्या मजकुराची तेवढी दाखवा. लिब्रेऑफिस रायटर निवड केली की निवडलेल्या मजकुराचे शब्द दाखवतो, तसं काहीतरी.

गिरगावकरीण

काल रात्री बसून पुन्हा बांधली. पट्टीत डावीकडून पहिलं ‘सेव्ह झालं’ किंवा ‘सेव्ह नाही’, शब्दांत. पंधरा डबांसाठी तिसरा पर्याय ‘फक्त इथे सेव्ह, सर्व्हरवर नाही’. तो बराच लांब आहे पण त्याहून छोटा केला की अर्थ जातो. मग ‘ओळ’ आणि आकडा. मग कळफलकाची भाषा: कर्सरची जाडी आणि रंग बदलतोच, पण पट्टीतही ठेवली, कानमंत्रांना ऐकायला हवी. मजकूर निवडला तरच शब्दसंख्या. उजव्या टोकाला एक राखीव जागा, तिथे एरवी एक टिंब आणि वेगळं काही असेल तर पूर्ण शब्द: ‘यूटीएफ-८ नाही’, ‘देवनागरी सापडली नाही’, ‘फक्त वाचायची’. फाइल दुसऱ्याने बदलली तर मजकुराच्या वर आडवी पट्टी आणि उत्तर दिल्याशिवाय लिहिता येणार नाही.

झूम ज्येष्ठांच्या आग्रहाखातर राहिलाय. माझ्या मते तो कुठल्याच चाळणीत बसत नाही, पण ऑफिसात मलाही राहायचंय.

कर्सरखालच्या चिन्हाची माहिती मागितल्यावर येते. तिला शॉर्टकट हवा होता. इन्सर्टची कळ आता मोकळीच आहे, तर तिच्यावरच ठेवलाय.

कानमंत्र

बिल्ड पाठवा, तपासून सांगतो. तो शॉर्टकट मात्र हलवा. इन्सर्ट हीच एनव्हीडीएची कळ असते, माझ्याकडे ती तुमच्या एडिटरपर्यंत पोचणारच नाही.

गिरगावकरीण

बरं झालं सांगितलंत. एफ-८ रिकामी आहे, तिच्यावर टाकते. बिल्डची लिंक व्यनि केलीय.